दादरचा मन आणि मेंदूवरचा रविवारचा कोर्स: फी वसूल, पण शेवटच्या सेशनबद्दल तक्रार आहे

दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हा कोर्स चालतो. विषय एकच, मन म्हणजे मेंदूच का, आणि या प्रश्नाला माणसांनी गेल्या अडीच-तीन हजार वर्षांत काय काय उत्तरं दिली. सहा सेशन, प्रत्येक अडीच तासांचं, फी साडेतीन हजार, शिकवणं पूर्ण मराठीत. माझी बॅच नुकतीच संपली आणि सरळ सांगते, जायलाच पाहिजे असा कोर्स आहे. ५ पैकी ४ देते. तो एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

शिकवणारे दोघं आहेत. सर परळच्या एका मेडिकल कॉलेजमधून ॲनाटॉमी शिकवून रिटायर झालेले, मॅडम तत्त्वज्ञान शिकवतात, आणि दोघं पूर्ण वेळ एकत्र उभे असतात, म्हणजे आज सरांचं लेक्चर उद्या मॅडमचं असं नाही. सर बोलत असताना मॅडम मधेच "थांबा, हे तुम्ही फार पटकन म्हणालात" असं म्हणतात आणि सर खरंच थांबतात. मला हे भयंकर आवडलं, कारण या विषयात डॉक्टर लोक एका टोकाला आणि फिलॉसॉफीवाले दुसऱ्या टोकाला बसतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की एकच बाजू खरी. इथे दोघं एकमेकांचं ऐकून घेतात, भांडतातही, आणि आपल्याला कळतं की नेमकं अडलंय कुठे.

त्यांचा एक नियम आहे. कोणाचंही मत सांगताना तो चूक होता की बरोबर हे आधी सांगायचं नाही, आधी त्याने काय पाहिलं होतं ते सांगायचं. ऐकायला साधं वाटतं, पण पूर्ण कोर्स त्यावरच उभा आहे.

पहिल्या सेशनला इजिप्त. एडविन स्मिथ पपायरस म्हणून एक कागद आहे, इ.स.पू. १६०० च्या सुमाराची प्रत, मजकूर त्याहूनही बराच जुना, त्यात जखमांच्या ४८ केसेस लिहिल्यात. मेंदूचा लेखी उल्लेख सापडतो तो सगळ्यात आधी यात. एका केसमध्ये कवटी फुटलीय आणि आतला मेंदू दिसतोय, त्याच्या वळ्या वितळलेल्या तांब्यावर उठणाऱ्या तरंगांसारख्या दिसतात असं लिहिलंय. दुसऱ्या एका केसमध्ये कानशिलाचं हाड फुटलंय आणि पेशंटला बोलता येत नाहीये. म्हणजे डोक्याला मार लागला की वाचा जाते हे त्यांच्या डोळ्यासमोर होतं. आणि तरीही हेच लोक ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकायचे आणि हृदय मात्र जपून आत ठेवायचे, कारण मेल्यानंतर तराजूत तोलायचं ते हृदय. सरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि त्यावर काहीच कॉमेंट न करता पुढे गेले. दिसलेलं असूनही माणूस त्यातून निष्कर्ष काढेलच असं नाही, हे मला तिथेच पहिल्यांदा लख्ख कळलं.

मग ग्रीक. इथे जो प्रसंग झाला तो सांगायलाच हवा. ॲरिस्टॉटल म्हणायचा की विचार, भावना, संवेदना सगळं हृदयात आणि मेंदूचं काम रक्ताची उष्णता कमी करायचं, थंड करायचं. हे ऐकून पुढच्या रांगेतले एक काका मोठ्याने हसले. सर शांतपणे म्हणाले, "काका, हसू नका. तुम्ही मेंदूने विचार करता हे मला आत्ता इथे, कुठलंही मशीन न वापरता, सिद्ध करून दाखवा." काकांनी प्रयत्न केला, म्हणाले विचार केला की डोकं जड होतं. सर म्हणाले, "आणि घाबरलात की कुठे कळतं? परीक्षेचा रिझल्ट लागणार असला की धडधडतं कुठे?" कोणीतरी म्हणालं डोळे-कान डोक्यात आहेत म्हणून. सर म्हणाले, "त्वचा तर अंगभर आहे." हॉलमध्ये खूप जण होते, त्यात दोन-तीन मेडिकलची मुलं पण होती, पण पाच-सात मिनिटं कोणालाच धड उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर ॲरिस्टॉटलचे मुद्दे आले. अंड्यातल्या पिल्लात पहिल्यांदा हलताना दिसतं ते हृदय. सगळ्या रक्तवाहिन्या हृदयाला जोडलेल्या. उघड्या मेंदूला हात लावला तर प्राण्याला काही कळत नाही, आणि मेंदू हाताला थंड लागतो. यातली निरीक्षणं बरीचशी बरोबर आहेत, मेंदूला स्वतःला दुखत नाही हे तर आजही खरं आहे, त्यामुळेच पेशंट जागा असताना मेंदूचं ऑपरेशन करता येतं. आणि त्याच्याही आधी, इ.स.पू. ४०० च्या सुमाराला, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या कोणीतरी फिट येण्याच्या आजारावर लिहिताना स्पष्ट म्हटलं होतं की आनंद, हसू, दुःख, अश्रू हे सगळं मेंदूतूनच येतं, हा आजार काही देवाचा कोप नाही, फिट येणाऱ्या बकरीचं डोकं फोडून बघा, आत मेंदू पाण्याने भरलेला दिसेल. म्हणजे बरोबर उत्तर आधी आलं होतं आणि ॲरिस्टॉटल नंतरचा. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं, ते इथे मोडतं.

दुसऱ्या सेशनमधला गेलन पण जबरदस्त. स्टॉइक म्हणजे एका जुन्या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या लोकांचा युक्तिवाद असा होता की बोलणं विचारातून निघतं, आवाज तर श्वासनलिकेतून म्हणजे छातीकडून येतो, तेव्हा विचारही छातीतच असणार. गेलन, दुसऱ्या शतकातला रोममधला डॉक्टर, त्याने लोकांसमोर जिवंत डुकरावर प्रयोग केला. डुक्कर किंचाळतंय, त्याने स्वरयंत्राकडे जाणारे बारीक मज्जातंतू बांधले, आवाज बंद. श्वास चालू, डुक्कर हलतंय, फक्त आवाज नाही. आणि ते तंतू मेंदूकडून येतात. अंगावर काटा येतो, त्या प्राण्याचं वाईटही वाटतं, पण शेकडो वर्षांच्या शब्दांच्या भांडणापेक्षा एक कापाकापी जास्त बोलली हे मान्य करावं लागतं. मॅडमनी मात्र लगेच विचारलं, "यावरून आवाजाचा हुकूम मेंदूतून येतो हे कळलं. हुकूम देणारा कोण हे कळलं का?" हा प्रश्न मग शेवटपर्यंत सुटत नाही.

आता तिसरं सेशन, ज्यासाठी मी म्हणेन की फक्त यासाठी पैसे भरले तरी चालतील. बकऱ्याचा भेजा.

हो, खराखुरा, मटणाच्या दुकानातून आणलेला. ताजा भेजा हातात घेतला की पसरतो, म्हणून सर आधीच फॉर्मलिनमध्ये घालून कडक करून आणतात. प्रत्येक टेबलाला एक, ग्लोव्ह्ज आणि सुरी मिळते. शाकाहारी लोकांसाठी किंवा ज्यांना बघवत नाही त्यांच्यासाठी बाजूला मॉडेल ठेवलेलं असतं आणि कोणीही जबरदस्ती करत नाही, हे महत्त्वाचं, कारण आमच्या टेबलावरच्या एका ताईंनी आधीच सांगितलं होतं की मी फक्त बघणार. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आपला असतो तेराशे-चौदाशे ग्रॅम. मधोमध कापलं की सुरी पनीरमधून जावी तशी जाते आणि आत पोकळ्या दिसतात. मेंदूच्या आत रिकामी जागा आहे हे पुस्तकात वाचून माहीत असतं, पण तिथे बोट घालून बघितलं की एकदम समजतं की हजार-बाराशे वर्षं लोकांनी मन या पोकळ्यांत का ठेवलं. साधारण इ.स. ४०० च्या सुमाराचा नेमेसियस नावाचा बिशप लिहितो, पुढच्या पोकळीत कल्पना, मधल्या पोकळीत विचार, मागच्या पोकळीत स्मृती. पुढे इब्न सिना या वैद्य-तत्त्वज्ञाने (९८० ते १०३७) याचाच पाच आंतरिक शक्तींचा मोठा व्यवस्थित आराखडा केला. कारण मन जर हवेसारखं, सूक्ष्म, अंग नसलेलं असेल तर ते मांसात कशाला राहील, मोकळ्या जागेतच राहील ना. समोर कापलेला भेजा असताना हा विचार अजिबात येडपट वाटत नाही.

लिओनार्दो द व्हिंचीने बैलाच्या मेंदूच्या याच पोकळ्यांत वितळलेलं मेण ओतून साचा काढला होता, त्याचं चित्र सरांनी दाखवलं. मग व्हेसेलियस, माणसाची शरीरं कापून बघणारा शरीरशास्त्रज्ञ, १५४३. गेलनने मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं सांगितलं होतं ज्यात प्राणशक्तीचं रूपांतर होतं, आणि व्हेसेलियसने सांगितलं की माणसात हे जाळं नाहीच. गेलनने बकऱ्या, बैल कापले होते आणि तेच माणसाला लावलं. आम्ही सगळे लगेच भेज्यात ते जाळं शोधायला लागलो, पण खाटकाने काढलेल्या भेज्यात ते येत नाही, कवटीच्या तळाशी हाडाजवळ राहून जातं, म्हणून फोटोवर भागवावं लागलं. इथे एक सूचना, सरांनी पुढच्या वेळी एखादं अख्खं डोकं आणून ते जाळं दाखवावं, फार मजा येईल.

आणि मग पिनियल ग्रंथी. मेंदूचे दोन्ही अर्धे भाग आणि मागचा छोटा मेंदू हलक्या हाताने बाजूला केले की चार उंचवट्यांच्या पुढे, मटाराच्या दाण्याहून लहान, जरा तपकिरी दिसणारा एक ठिपका. देकार्त या सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञाने आत्म्याचं मुख्य ठाणं इथे ठेवलं. का, तर मेंदूत बाकी सगळं दोन-दोन आहे, डोळे दोन, कान दोन, पण आपल्याला दिसतं ते एकच चित्र, तेव्हा कुठेतरी दोनाचं एक होत असणार, आणि ही ग्रंथी एकटी आहे. सर म्हणाले देकार्त ॲम्स्टरडॅमला असताना एका हिवाळ्यात जवळपास रोज खाटकाकडे जायचा आणि कापण्यासाठी अवयव घरी घेऊन यायचा. "मी विचार करतो म्हणून मी आहे" म्हणणारा माणूस कोपराभर रक्तात हात घालून बसलेला असायचा, हे आपल्याला कोणी सांगतच नाही! पण त्याला वाटलं होतं तशी ही ग्रंथी पोकळीत हलत-डुलत नसते, चांगली घट्ट बसलेली असते, आणि स्टेनो नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६६५ मध्ये पॅरिसला भाषण देऊन हेच सांगितलं. आम्ही चिमट्याने हलवून बघितली. नाही हलत.

चौथ्या सेशनमध्ये जास्त बोलल्या मॅडम आणि त्यात मुख्य एलिझाबेथ. बोहेमियाची राजकन्या, घराण्याचं राज्य गेलेलं, हॉलंडमध्ये राहत होती, वय २४, आणि तिने मे १६४३ मध्ये देकार्तला पत्र लिहून विचारलं की आत्मा जर फक्त विचार करणारा आहे, त्याला लांबी-रुंदी नाही, तो कशाला टेकू शकत नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा? मॅडमनी पत्रांतले भाग मराठीत करून दोघांना वाचायला दिले, एक मुलगी एलिझाबेथ, एक आजोबा देकार्त. देकार्त उत्तर देतो जडपणाचं उदाहरण घेऊन, की वजन दगडाला खाली ओढतं तेव्हा एका पृष्ठभागाने दुसऱ्याला ढकललं असं आपण समजत नाही. ती पुन्हा लिहिते की हे मला पटलं नाही, अशरीरी गोष्ट शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे हे मानणं मला सोपं जाईल. किती स्वच्छ डोकं! आणि आदर राखून, पण एक इंचही मागे न हटता. पत्रव्यवहार १६५० मध्ये तो जाईपर्यंत चालला. मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण द्वैतवाद, म्हणजे मन आणि शरीर दोन वेगळ्या गोष्टी मानणं, अडतो तो नेमका कुठे हे या पत्रांमधून जितकं स्पष्ट झालं तितकं कुठल्याच व्हिडिओमधून झालं नव्हतं.

त्या सेशनचा उरलेला भाग जरा कंटाळवाणा. मालब्रांश, स्पिनोझा, लायब्निट्स हे देकार्तनंतरचे तत्त्वज्ञ एकामागोमाग स्लाइडवर येतात, स्लाइडवर मजकूर खच्चून भरलेला, मागच्या रांगेतून वाचता येत नाही. लायब्निट्सची गिरणी तेवढी लक्षात राहिली, की विचार करणारं यंत्र मोठं करून त्यात गिरणीत शिरावं तसं शिरलात तर आत एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, विचार कुठेच दिसणार नाही. १७१४ चं आहे हे, आणि आज एआयबद्दल लोक भांडतात तेव्हा फिरून इथेच येतात.

पाचव्या सेशनमध्ये परत सर जास्त बोलले आणि ते वेगवान. थॉमस विलिस, इंग्लिश डॉक्टर, १६६४, त्याने मन पोकळ्यांतून उचलून मेंदूच्या मांसात आणलं, आणि त्याच्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, म्हणजे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा. मग गॉल, जर्मन डॉक्टर. याने म्हटलं मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात, २७ शक्ती मोजल्या, आणि त्या कवटीवरच्या उंचवट्यांवरून ओळखता येतात. पहिला अर्धा भाग पुढच्या संशोधनाची दिशा ठरवणारा निघाला, दुसरा पूर्ण भंपक. फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या मेंदूचे भाग काढून काढून दाखवलं की असं जुळत नाही, पण तोपर्यंत डोकं चाचपून स्वभाव सांगणाऱ्यांचा धंदा युरोप-अमेरिकेत जोरात चालू झाला होता.

इथे मी थोडं विषयांतर करते कारण मला हे मनापासून सांगायचंय. आपल्याकडे आज बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कुठली, त्याने सायन्स घ्यावं की कॉमर्स, हे सांगणाऱ्या टेस्ट विकल्या जातात, डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास आहेत, आणि चांगले शिकलेले आईबाप हजारो रुपये भरतात. गॉलबद्दल ऐकलं की याची रचना लगेच ओळखू येते, एक खरी गोष्ट घ्यायची, मेंदूत भाग असतात ही, आणि तिच्या पाठीवर एक खोटी बसवायची. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी निदान हे एक सेशन तरी करावं.

त्यानंतर फिनिअस गेज. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंगाच्या स्फोटात एक मीटरहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार गालाखालून शिरून कवटीतून वर बाहेर पडली आणि माणूस जगला. स्वभाव बदलला, "हा आमचा गेज राहिला नाही" असं मित्र म्हणायचे. पण सरांनी बजावून सांगितलं की नंतर गोष्टीला खूप तिखटमीठ लागलंय, गेज पुढे चिलीमध्ये घोडागाडी चालवायचं कष्टाचं काम काही वर्षं करत होता, म्हणजे तो पार वाया गेलेला माणूस नव्हता. हे सांगणारा शिक्षक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि ब्रोका, फ्रेंच सर्जन. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लबोर्न्य नावाचा पेशंट वीसेक वर्षं होता, काहीही विचारलं तरी तोंडातून एकच शब्द, "तां". पण समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, आकडे बोटांनी दाखवायचा, लोकांना आपलं म्हणणं कळलं नाही की चिडायचा. एप्रिल १८६१ मध्ये तो गेला, ब्रोकाने मेंदू काढला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी सापडली. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, अख्खा ठेवला, म्हणून २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढता आला आणि कळलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल होती. सर म्हणाले आपलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, म्हणजे ही केस झाली तेव्हा भायखळ्याला विद्यार्थी ॲनाटॉमी शिकतच होते, फार जुनी गोष्ट समजू नका.

माझ्या मामांना पॅरालिसिसचा अटॅक आला होता, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. फक्त "बरं" म्हणायचे. पाणी हवं असलं तरी बरं, राग आला तरी बरं. घरात सगळे हळूहळू त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायला लागले, जणू ते खोलीत नाहीत, कोणी म्हणायचं डोकंच गेलं बिचाऱ्यांचं. मामी एकट्या म्हणायच्या की नाही, त्यांना सगळं कळतंय, डोळे बघा त्यांचे. लबोर्न्य बोटांनी आकडे दाखवायचा हे सर सांगत होते तेव्हा मला मामी आठवल्या. ब्रेकमध्ये सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मामी बरोबर होत्या. बोलणं काढून देणारा भाग गेला म्हणजे माणूस गेला नाही. घरातल्या सगळ्यांना सांगा." सांगितलं मी. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर कोर्स राहू दे, पण एवढं तरी लक्षात ठेवा आणि स्पीच थेरपीचं लवकरात लवकर बघा.

विसाव्या शतकातलं घाईघाईत झालं पण चांगलं झालं. गोल्जी आणि काहाल यांना १९०६ चं नोबेल एकत्र मिळालं आणि मेंदू पेशींचा बनलाय की सलग जाळ्याचा यावर दोघांनी तिथे भाषणं दिली ती एकमेकांच्या विरुद्ध. माँट्रियलचा सर्जन पेनफील्ड जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि हात हलायचा, आणि पेशंट म्हणायचा, हे मी नाही केलं, तुम्ही केलंत. एवढे मेंदू उघडून बघितलेला हा माणूस शेवटी, १९७५ मध्ये, मन मेंदूहून वेगळं असावं याच बाजूला झुकला. मॅडम हसल्या आणि सर म्हणाले, "माझं मत वेगळं आहे, पण तो माझ्यापेक्षा जास्त मेंदू बघून गेलाय."

आता तक्रार. सहावं सेशन भारतीय विचारांचं, आणि त्यातला पहिला तास मागचं राहिलेलं संपवण्यात गेला, उरलेल्या दीड तासात सांख्य, न्याय, चार्वाक, बौद्ध, आयुर्वेद सगळं कोंबलं. बौद्ध तर जवळपास राहिलंच. मला हे खरंच लागलं, कारण जेवढं झालं तेवढंच इतकं भारी होतं की त्याला निदान दोन रविवार द्यायला हवे होते.

नमुन्यादाखल सांगते. चरकसंहितेत चेतनेचं स्थान हृदय, तर भेलसंहितेत मन डोकं आणि टाळू यांच्या मध्ये सांगितलंय, म्हणजे हृदय की डोकं हा वाद आपल्याकडेही होता. न्याय-वैशेषिक म्हणतात मन अणूएवढं आहे, म्हणून एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. यावर शंका अशी की तळलेला लांब कुरकुरीत पदार्थ खाताना त्याचा कुरकुर आवाज, चव, वास, रूप, स्पर्श सगळं एकदम कळतं ना? मॅडम म्हणाल्या चकली डोळ्यासमोर आणा. उत्तर असं की कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर एकदम भोसकल्यासारख्या वाटतात, प्रत्यक्षात एकामागून एकच भोसकल्या जातात, मन तसं फार वेगाने फिरतं. लक्ष एका वेळी किती गोष्टींवर राहतं यावर आज लॅबमध्ये प्रयोग होतात, आणि इथे हा प्रश्न चकलीवर सोडवायला घेतलाय!

चार्वाकांचं म्हणणं, विडा खाल्ला की तोंड लाल होतं, पानात, सुपारीत, चुन्यात कशातच तो लाल रंग वेगळा नसतो, तसंच चार भूतं, म्हणजे पृथ्वी, पाणी, तेज, वायू, विशिष्ट प्रकारे एकत्र आली की चैतन्य दिसतं, ते वेगळं कुठून येत नाही. आणि सांख्य तर सगळ्यात चकित करणारं. देकार्त रेघ मारतो ती मन एकीकडे, शरीर दुसरीकडे. सांख्यांची रेघ वेगळ्याच जागी आहे, त्यांच्याकडे मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे जडाच्याच बाजूला, आणि पलीकडे फक्त पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, जो काही करत नाही, नुसता साक्षी. म्हणजे मेंदूत विचार सापडले, आठवणी सापडल्या, निर्णय सापडले तरी सांख्यवाल्याला काही धक्का नाही, तो म्हणेल हे सगळं प्रकृतीचंच होतं की. मग मॅडम म्हणाल्या, एलिझाबेथचा प्रश्न इथे विचारा. काही न करणाऱ्या पुरुषामुळे प्रकृती हलते कशी? सांख्यकारिका सांगते पांगळा आणि आंधळा, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघं मिळून वाट काढतात. आणि शंकराचार्यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं की पांगळा निदान तोंडाने डावीकडे-उजवीकडे तरी सांगू शकतो, तुमचा पुरुष तर तेही करत नाही. हॉलंडमधल्या त्या राजकन्येच्या कितीतरी शतकं आधी तोच अडथळा, त्याच जागी! हे ऐकून मी वहीत लिहायचं थांबले आणि तेवढ्यात हॉलचा वॉचमन आला की वेळ संपली. एवढा मुद्दा रंगला होता आणि खुर्च्या उचलायला सुरुवात झाली.

बाकी व्यवस्थेबद्दल. लिफ्ट नाही, जिना जुना आणि उंच पायऱ्यांचा, गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून बघावं. एसी आहे पण पंख्याचा आवाज मोठा, पुढे बसा. मधल्या सुट्टीत चहा-बिस्किट मिळतं, खाली वडापाव आहेच. नोट्सच्या झेरॉक्स देतात, त्यात सनावळी नीट आहे, चित्रं मात्र काळीकुट्ट आली आहेत, त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर पीडीएफ द्यावी. रविवारी मेगाब्लॉक असतो हे धरून निघा, सर वेळेवर सुरू करतात आणि पहिली पंधरा मिनिटं चुकली तर पुढची साखळी लागत नाही. कॉलेजच्या मुलांना फीमध्ये सवलत आहे, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून विचारा. दहावीच्या पुढची मुलं आरामात समजू शकतील, त्याहून लहानांना भेज्याचं सेशन सोडून बाकी जड जाईल.

फीडबॅक फॉर्मवर मी भारतीय भागाला दोन सेशन द्या आणि बौद्धांचं नीट घ्या असं लिहून आलेय, मॅडमनी वाचून मान डोलावली, शब्द काही दिला नाही. पुढच्या बॅचला नाव घालणार असाल तर पैसे भरायच्या आधी हा प्रश्न तुम्हीही विचारा, चार जणांनी विचारलं तर करतील, आणि खरंच सात सेशन झाली तर शेवटच्या दोनसाठी मी परत फी भरायला तयार आहे.